जवसाची लाईन

परभणीहून गंगाखेडच्या रस्त्याला लागलं की वाटेत पोखर्णी येते. नृसिंहाचं गाव. रेल्वेनंसुद्धा देवाला वगळून गावाचं नाव घेतलेलं नाही. स्टेशनचं नाव 'पोखर्णी नृसिंह'. वैशाखात नृसिंह जयंतीला देवळापुढं माणसांची लाईन लागते. परभणी–परळी लाईन इथूनच जाते. घर बांधायचं ठरलं की गवंडी फक्कीनं लाईनआउट टाकतो. आणि संध्याकाळी ओसरीवरून कुणी ओरडून विचारतं, 'लाईन आली का रं?', तेव्हा त्याला ना माणसं हवी असतात, ना रेल्वे, ना पाया. त्याचं दळण गिरणीत अडकलेलं असतं.

इंग्रजीत सर्वांत जास्त अर्थ कोणत्या शब्दाला, यावर तिकडचे कोशकार वाद घालतात आणि 'सेट' किंवा 'रन' यांच्या गळ्यात माळ घालतात. पोखर्णीत मतदान घेतलं तर 'लाईन' बिनविरोध निवडून येईल.

खालचे दोघं मी रचलेले आहेत. मामा मराठीचे निवृत्त शिक्षक. भाचा आयटीआय करून वीज कंपनीच्या कामावर लागलेला. त्यांची मतं मात्र रचलेली नाहीत, ती या भागात कोणत्याही पारावर ऐकायला मिळतील. मध्ये मध्ये मी तोंड घातलं आहे, तेवढं चालवून घ्यावं.

मामा: सकाळपासून तुझा फोन वाजतोय आणि तू सगळ्यांना एकच उत्तर देतोयस.

भाचा: काय करू मामा, प्रश्नच एक असतो. लाईन कवा येणार?

मामा: वीज म्हणावं माणसानं.

भाचा: वीज पावसात पडती. ती आली म्हणलं तर लोकं झाडाखालून पळतील. घरात येती ती लाईन.

मामा: आमच्या वेळी निदान लाईट तरी म्हणायचे.

भाचा: लाईट म्हंजे बल्ब. विहिरीवरची मोटार लाईटवर चालत नाही, लाईनवर चालती. आन लाईन म्हणलं की पुढचं सगळं त्यातच येतं. गावठाणची लाईन का शेतीची, सिंगल फेज का थ्री फेज, दिवसाची पाळी का रात्रीची. अकरा केव्हीची असली तर मी एक बोलणार, डीपीपासून पुढची असली तर दुसरं. तुमच्या 'वीज' शब्दात यातलं काय कळतं?

मामा: कळतं ते मी सांगत नाही, काय बुडालं ते सांगतो. देवळात पूर्वी बारी असायची, दर्शनाची बारी. आता लाईन. वहीवर रेघ मारायचो, आता पोरं लाईन मारतात.

भाचा: मोठेपणी पण मारतेत.

मामा: ते मी बोलणार नव्हतो. कवितेची ओळ होती, ती लाईन झाली. मुलगा काय करतो विचारलं की 'ट्रकच्या लाईनला आहे', 'कापडलाईनला आहे'. उनाड पोरगा पूर्वी वळणावर यायचा, आता लाईनीवर येतो. एका शब्दानं किती घरं गिळावीत?

मामांची यादी खरी आहे, आणि ती अजून वाढवता येईल. मराठीत सरळ मांडलेल्या गोष्टीला एकच शब्द कधीच नव्हता. ओरखडलेली ती रेघ, कागदावर आखलेली ती रेषा, अक्षरांची ओळ, उभ्या माणसांची रांग, बसलेल्यांची पंगत, पायदळाची फळी, ओवलेल्यांची माळ. यातला प्रत्येक शब्द पाहिला की ती गोष्ट कशी झाली तेही कळतं. 'ओळ' संस्कृतातल्या आवलीपासून आलेली, म्हणजे दिवाळीची सख्खी बहीण. दीपावली ही दिव्यांची ओळच. पंगतीचं मूळ 'पंक्ति' आणि पंक्तीच्या पोटात 'पंच' आहे. पाच चरणांच्या वैदिक छंदाला पंक्ती म्हणत. आज पंगतीत पाचच पानं मांडली तर यजमानाची गावात शोभा होईल, ते वेगळं.

भाचा: गिळलं म्हणता, पण ही लाईन आली कुठून, ते एकदा सांगा. इंग्रजाच्या घरातच जन्मली का?

मामा: नाही. तिथंही ती पाहुणी. तुझ्या आजीच्या डब्यात तिचं मूळ आहे. जवसाची चटणी खातोस ना भाकरीबरोबर?

भाचा: लाईनचा आन जवसाचा काय संबंध?

मामा: जवसाला लॅटिनमध्ये 'लिनुम' म्हणत, ग्रीकमध्ये 'लिनॉन'. वनस्पतिशास्त्रात जवसाचं नाव आजही 'लिनम युसिटाटिसिमम' आहे. युसिटाटिसिमम म्हणजे अत्यंत उपयोगी. त्या झाडाच्या काडीतून धागा निघतो. तो धागा म्हणजे 'लिनेआ'. त्याच लिनेआची इंग्रजीत लाईन झाली. जुन्या इंग्रजीत तिचा अर्थ दोर असाच होता. पुढं फ्रेंचांचं राज्य इंग्लंडवर आलं, तेव्हा त्याच लिनेआचं फ्रेंच रूप 'लीन्य' दुसऱ्या दारानं आत आलं आणि पहिलीत मिसळून गेलं. एक बहीण आधी सासरी गेली, दुसरी मागून त्याच घरात आली.

भाचा: जवसाचा धागा? आम्ही तर तेल काढतो आन चटणी करतो. काडी गुरं पण आवडीनं खात नाहीत.

मामा: कारण आपलं जवस बियांसाठी लावलेलं. बुटकं, फांद्या फुटलेलं. धाग्याचं जवस उंच आणि सरळ वाढतं, वरच तेवढ्या फांद्या. धागा काढायची रीत मात्र तुला पाठ आहे. अंबाडीचं काय करायचो आपण?

भाचा: पेंढ्या बांधून पाण्यात दडपायच्या. कुजल्या की साल सोलायची, धुवायची, वाळवायची, मग वळायची. वास सुटायचा लई.

मामा: तेच. युरोपात जवस तसंच कुजवत, काड्या कुटून आतला भुसा झटकत, विंचरत आणि मग सूत कातत. त्या सुताचं कापड ते लिनन. जवसाच्या तेलापासून जमिनीवर अंथरायचं जाड कापड करायची युक्ती फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रजानं 1860 च्या दशकात काढली, त्याला त्यानं नाव दिलं लिनोलियम. लिनुम म्हणजे जवस, ओलियम म्हणजे तेल. तू शाळेत लिनोकटचे ठसे केले असशील, ते त्याच लिनोलियमवर कोरलेले. आणि ज्या बॅटीनं तू गावात षटकार मारायचास...

भाचा: तिला अळशीचं तेल पाजायचो आम्ही.

मामा: अळशी म्हणजे जवसच. संस्कृतातली अतसी, तिची अळशी. म्हणजे बॅटीला पण जवस आणि बॉलरच्या 'लाईन अँड लेंथ'मध्ये पण जवस.

भाचा: मग मामा, तुमचाच मुद्दा पडला. जवस आपल्या रानातलं. म्हंजे लाईन आपलीच पोर निघाली, उगं परकी म्हणायलाव.

मामा: जवस आपलं, नाव रोमचं. पीक आणि शब्द एका गाडीत येतातच असं नाही. आपल्या लोकांनाही जवसाचा धागा ठाऊक होता. संस्कृतात जवसाला क्षुमाही म्हणत आणि तिच्या कापडाला क्षौम. जुन्या ग्रंथांत राजाराण्या क्षौम नेसतात. पण आपल्याकडं कापूस पिकला, उदंड पिकला, आणि क्षौम मागं पडलं. त्यामुळं आपली भाषा जवसाच्या नाही, कापसाच्या धाग्यानं विणलेली.

इथं मामा आपल्याच विरुद्ध पुरावा गोळा करताहेत. शिक्षकांना ही खोड असते. वाद जिंकण्यापेक्षा धडा पुरा होण्यात त्यांना जास्त गोडी.

भाचा: पण धाग्याची रेघ कशी झाली? धागा हातात धरता येतो, रेघ नाही.

मामा: गवंड्याला विचार. भिंत सरळ यावी म्हणून तो काय करतो?

भाचा: दोन टोकाला दोन खिळे, मधी दोरी ताणायची. वरून खाली ओळंबा. लाईनदोरी म्हणतेत ते.

मामा: लाईनदोरी! दोरीदोरी म्हटल्यासारखं झालं, पण ते असू दे. रोमन कारागीरही तेच करायचा. जवसाचं सूत घट्ट ताणायचं, रंगात बुडवायचं, टिचकी मारली की लाकडावर सरळ खूण उमटते. सूत उचललं, खूण राहिली. खुणेला नाव सुताचंच राहिलं. तिथून मग शेताची हद्द, शर्यतीची रेघ, लिहिलेली ओळ, सैन्याची रांग. आपल्याकडं सुतार तेच करत आला. नावच बघ, सूत्रधार. नाटकातला सूत्रधार आणि दारं करणारा सुतार एकाच शब्दाचे दोन वारस. माणूस सुतासारखा सरळ असतो, नसला तर त्याला सुतात आणतात. आणि दोऱ्याचं सूत्र झालं, त्यावर पाणिनीनं व्याकरण रचलं.

भाचा: सुतार अजून मापात पण सूत म्हणतो. दोन सूत कमी कर, एक सूत तासून टाक.

मामा: इंचाचा आठवा भाग. इंग्रजीत लाईन हेही माप होतं, इंचाचा बारावा भाग. तिकडं जवसाचा धागा बाराव्या भागावर थांबला, इकडं कापसाचा आठव्या.

भाचा: म्हंजे त्यांनी त्यांच्या दोऱ्याचं जे केलं, तेच आपण आपल्या सुताचं केलं. मग भांडण कशाचं?

मामा: भांडण त्याचंच. आपल्याकडं सूत असताना त्यांची दोरी कशाला?

हा प्रश्न मामांनी जोरात विचारला, पण उत्तर त्यांच्याच अंगावर होतं. पोखर्णीतला माणूस परभणीला शिंप्याकडं जातो तेव्हा 'लायनिंगचा शर्ट' मागतो, म्हणजे उभ्या रेघांचा. त्याची बायको 'लायनिंगचा ब्लाऊज' शिवायला टाकते, म्हणजे अस्तराचा. शिंपी दोघांनाही मापं विचारतो, अर्थ विचारत नाही. अस्तराचं लायनिंग वेगळ्या वाटेनं आलं. कोटाला आतून लिननचं कापड लावत, म्हणून कापड आतून लावणं म्हणजे 'लाईन' करणं. रेघेची लाईन धाग्यातून आली, अस्तराची कापडातून, आणि दोन्हींची गाठ परभणीच्या शिलाई मशीनवर पडली.

भाचा: तुमच्या सुताचं ऐका. आयटीआयच्या कागदावर माझा ट्रेड तारतंत्री आहे. गावात कुणाला सांगितलं तर सतार वाजवतो का विचारतेत.

मामा: शब्द वाईट नाही. तंत्र म्हणजे मुळात माग, विणायचा. तन् म्हणजे ताणणं, त्यातून तंतू, तंत्र, आणि संतान सुद्धा, वंशाचा ताणलेला धागा. तंत्रज्ञ म्हणजे मागाचं मर्म जाणणारा. तुझ्या कागदावर विणकर बसलाय आणि तुला पत्ताच नाही.

भाचा: बसू द्या. खांबावर मी चढतो, त्याला लोक लाईनमन म्हणतेत. ऑफिसातून पत्र येतं त्यात 'वाहिनी' असती. कृषी वाहिनी, विद्युत वाहिनी. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना निघाली 2017 ला, बोर्डावर तेच. पण तोंडानं 'वाहिनी गेली' म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. एकदा पत्र वाचून म्हातारबा म्हणला, टीव्ही बंद पडणार का?

मामा: कारण तिथंही वाहिनीच बसवली. शब्द घडवणाऱ्यांचा आळस तो. पण घडवलेले सगळे शब्द मेले नाहीत. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्द काढून संस्कृत घातले. सावरकरांनी महापौर दिला, दिनांक दिला. माधव जूलियनांनी 1938 मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिलं. दिनांक तू रोज लिहितोस.

भाचा: लिहितो. बोलताना तारीख म्हणतो. तुम्ही पण म्हणता.

तारीख अरबी, फारसीतून आलेली. मामा गप्प बसले. निजामाच्या राज्यात, 1948 पर्यंत, इथली कचेरी उर्दूत चाले. आजोबांच्या पिढीनं अर्ज-फाटे उर्दूत केले आणि भांडणं मराठीत. इथल्या मराठीला परक्या शब्दांची सवय जुनी आहे. तिनं ते शब्द कागदावरून उचलले नाहीत, कामातून उचलले. रेल्वेचंही तसंच. हैदराबादहून गोदावरीच्या खोऱ्यातून मनमाडला जाणारा मीटरगेज रस्ता विसाव्या शतकाच्या अगदी तोंडाशी पुरा झाला. रूळ इथं टाकले ते इथल्याच हातांनी, आणि त्या हातांनी घमेल्याबरोबर लाईन हा शब्दही घरी नेला. पुढं मीटरगेज ती छोटी लाईन आणि ब्रॉडगेज ती मोठी, हा हिशेब कुठल्या कोशमंडळानं सांगितलेला नाही.

भाचा: आन एक सांगा मामा, लाईन ती लाईन का तो लाईन?

मामा: ती.

भाचा: इंग्रजीत?

मामा: इंग्रजीत निर्जीव वस्तूला लिंग नाही.

भाचा: मग तिला बाई कुणी केलं?

मामा: आपणच. ओळ, रांग, रेघ, दोरी, तार, सगळ्या 'ती'. त्यांच्यात येऊन बसली म्हणून तीही 'ती'. बारकाईनं पाहिलंस रे.

भाचा: एक लाईन, दोन लाईनी. लायनीत उभं राहा. आन लाईनशीर. 'शीर' तर पद्धतशीरमधला. इंग्रजाला जाऊन लाईनशीर म्हणा, त्याला कळंल का? नाही कळणार. मग ती त्याची कशी राहिली? तिला आपलं लिंग लागलं, आपलं अनेकवचन लागलं, आपल्या विभक्त्या लागल्या. सुनेला आणखी काय करावं लागतं?

इथं माझं मत भाच्याच्या बाजूनं आहे. परकेपणा शब्दाच्या जन्मगावावरून ठरत नाही, तो प्रत्यय घेतो का यावरून ठरतो. 'वाहिनी' जन्मानं आपली, पण तिला कुणी हाक मारत नाही. 'लायनीत' म्हणताना जो मराठी प्रत्यय तोंडात येतो तो लंडनच्या माणसाला जमणार नाही. विजेपुरतं मामांनी हरल्याचं कबूल करावं.

मामा: बरं, विजेचं तुझं. पण शब्द नुसता तारेवरून येत नाही, त्याच्या मागं त्यांचा इतिहास पण येतो. डेडलाईन म्हणता तुम्ही, पीकविम्याची डेडलाईन, अर्जाची डेडलाईन. कुठली ती माहीत आहे? अमेरिकेचं यादवी युद्ध, 1864 साल. जॉर्जियात अँडरसनव्हिल इथं युद्धकैद्यांचा तळ होता. तटाच्या आत थोड्या अंतरावर एक हलकं लाकडी कुंपण घातलं होतं. कैद्यानं ते ओलांडलं की पहारेकरी गोळी घालणार. त्या रेघेचं नाव डेडलाईन. तिथं हजारो कैदी उपासमारीनं आणि रोगानं मेले. त्यांच्या रेघेवर आपण सातबारा जोडायची शेवटची तारीख लिहितो. 'मुदत' चांगला शब्द होता.

भाचा: मुदत पण अरबीच असंल.

मामा: आहे. पण तिच्यात कुणी गोळी घालत नाही.

भाचा: आमच्या कामात डेड लाईन उलटी असती मामा. वर चढायच्या आधी सबस्टेशनवरून लाईन बंद घ्यायची, परमिट घ्यायचं, टेस्ट करायचं, दोन्हीकडून अर्थिंग लावायचं. लाईन डेड आहे, हे आधी डोळ्यानं बघायचं, मग हात लावायचा. डेड लाईन म्हंजे आपण घरी जाणार. जिवंत लाईन माणूस मारती, मेलेली नाही. कुणाचा जनरेटर उलटा चालू असतो, कुणी दुसऱ्या फीडरवरून आकडा टाकलेला असतो. मग बंद घेतलेली लाईन जिवंत होती आन वरच्या माणसाला कळत पण नाही. तुमच्या अमेरिकेची गोष्ट ऐकून मला काही वाटलं नाही, पण 'लाईन डेड आहे ना?' हे मी तीनदा विचारतो.

मामा काही वेळ बोलले नाहीत. एकच शब्द, एकाला तो कैद्याच्या छातीवर दिसतो, दुसऱ्याच्या पाठीशी उभा असतो. कोशात हे दोन अर्थ शेजारी छापले तरी त्यांच्यातलं अंतर मोजता येणार नाही.

भाचा: आन ऑनलाईनचं काय करता? ई-पीक पाहणी 15 ऑगस्ट 2021 पासून सुरू झाली. तवापासून म्हातारा माणूस पण म्हणतो, 'माझं ऑनलाईन झालं'. म्हंजे त्याचं पीक मोबाईलवर चढलं. 'ऑनलाईन व्हायचंय' म्हंजे अजून चढलं नाही. ह्याला मराठी काय?

मामा: नोंद. 'माझी नोंद झाली'.

भाचा: नोंद तलाठ्याकडं होती, चहा पाजून. ही शेताच्या बांधावर उभं राहून फोटो काढून होती, सर्व्हर असला तर. लोकांना दोन्हीतला फरक कळतो, म्हणून शब्द दोन ठेवले त्यांनी.

मामा: ठीक. नव्या वस्तूला नवा शब्द, माझी तक्रार नाही. वीज नवी, रेल्वे नवी, मोबाईल नवा. माझी तक्रार जुन्या वस्तूची आहे. चल, रानात येऊ. तिफणीनं पेरलं की काय पडतं?

भाचा: तासं. तीन फणाची तीन तासं.

मामा: निंदायला बाया बसल्या की?

भाचा: पाती. एकेकीला एक पात. जिची पात मागं राहिली तिला बाकीच्या हसायच्या.

मामा: पात म्हणजे नुसती ओळ नव्हे. एका बाईनं एका दमात धरायची रुंदी, तिच्या हाताची आणि खुरप्याची पोच, तिच्या दिवसाच्या मजुरीचा अंदाज, सगळं त्या दोन अक्षरांत. 'लाईन' म्हटलं की यातलं काय उरतं?

भाचा: काही नाही उरत. पण पात लाईननं मारली नाही मामा, तणनाशकानं मारली. सोयाबीन ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रानं पेरतेत, वरून फवारा मारतेत. खुरपं धरायला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर परवडत नाहीत. पातच लागत नाही तर पात म्हणणार कुणाला? अंबाडी पेरायची बंद झाली, तवा तिच्यासोबत चऱ्हाट गेलं, नाडा गेला. आता नायलॉनचा दोर दुकानात मिळतो. त्यात इंग्रजी शब्दाचा काय गुन्हा? जवस पण सोयाबीननंच खाल्लं.

भाच्याचं हे बोलणं भाषेवरच्या पुष्कळ व्याख्यानांपेक्षा मोलाचं आहे. आपण शब्दांची नाकाबंदी करतो आणि त्या शब्दांची कामं मागच्या दारानं निघून जातात. पण मामांकडं एक पत्ता शिल्लक होता, आणि तो हुकमाचा होता.

मामा: पात गेली, मान्य. चऱ्हाट गेलं, मान्य. पण तास कुठं गेलंय? ट्रॅक्टरनं पेरलं तरी तासच पडतं. सोयाबीन आजही तासांतच उभं आहे. विद्यापीठवाले सांगतात सोयाबीन-तूर चारास दोन, तू पेरतोसही तसंच. आणि परवा तुझा पोरगा मला म्हणाला, 'आजोबा, चार लाईनी सोयाबीन, दोन लाईनी तूर'. ट्रॅक्टरनं मारलं नाही, तणनाशकानं मारलं नाही. रानात तास जसंच्या तसं आहे आणि पोराच्या तोंडात नाही. हे कुणी केलं?

भाचा: तास म्हणलं तर त्याला शाळेतला तास आठवतो.

मामा: तो तास वेगळा. तो फारसीतून आला, तास म्हणजे धातूचं भांडं. वेळ झाली की ठोका द्यायचे, त्यावरून घड्याळाचा तास.

भाचा: मग तुमच्या तासाला लाईननं नाही मारलं, तासानंच मारलं.

मामा: दोन्ही तास कित्येक पिढ्या एका घरात नांदले, गोंधळ झाला नाही कुणाचा.

भाचा: कारण रानात घड्याळ नव्हतं. आता मोटारीला पण घड्याळ आहे. दिवसा आठ तास लाईन मिळाली म्हणजे किती तासं भिजतील, असा हिशेब पोरानं करायचा म्हणलं तर त्याचं डोकं फिरंल.

मामा: फिरू दे. दोन तास वेगळे करता आले म्हणजे त्याला मराठी आली. या रविवारी त्याला माझ्यासोबत रानात दे. तासं मोजून घेतो त्याच्याकडून.

भाचा: न्या की. पण सोमवारपासून आपल्या फीडरला रात्रीची पाळी लागायलीय, माझी ड्यूटी उलटी होणार. रविवारी उजेड आहे तवाच परत आणा त्याला, तिकडं पाटाच्या कडंनं साप निघतेत. आन मामा, सगळं मोजून झाल्यावर 'आजोबा, सहा लाईनी झाल्या' म्हणला, तर मारू नका.

मामा: मारत नाही. पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावीन.